गाठ केवढी ते नंतर, आधी रक्त किती ते सांगा

बाई ओपीडीत येते तेव्हा तिच्या हातात सोनोग्राफीचा कागद असतो आणि त्यातल्या एका आकड्याखाली कुणीतरी पेनाने रेघ मारलेली असते. गर्भाशयातल्या गाठीचं, म्हणजे फायब्रॉइडचं, माप: ६.२ बाय ५.८ सेंटिमीटर. हा आकडा घरात आठ दिवस फिरून आलेला असतो. सासू, जाऊ, मेडिकलवाला, सगळ्यांनी त्यावर मत दिलेलं असतं. स्त्रीरोग वॉर्डातल्या आम्ही सिस्टर तो कागद केसपेपरखाली सरकवतो आणि दुसरंच विचारतो. पाळी किती दिवस चालते? सगळ्यात जास्त जातं त्या दिवशी किती पॅड लागतात? रात्री उठून बदलावं लागतं का? गुठळ्या पडतात का, आणि पडत असतील तर रुपयाएवढ्या की लिंबाएवढ्या?

‘दोन-तीन पॅड’ या उत्तरावर थांबायचं नसतं. पॅडखाली जुन्या लुगड्याची घडी घालून दिवस काढणाऱ्या बऱ्याच असतात, आणि त्या घडीचा हिशेब कुणी धरत नाही. म्हणून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं काम लावून देतो. तारखेच्या चौकोनात गुण लिहायचे: पॅडला नुसता डाग असेल तर १, साधारण भिजला तर ५, पूर्ण भिजला तर २०, लहान गुठळीला १, मोठीला ५. एका पाळीची बेरीज १०० च्या वर गेली की रक्तस्राव साधारण ८० मिलिलिटरच्या पुढे गेला असं धरतात, आणि दर महिन्याला इतकं रक्त अंगावरून गेलं तर जेवणातून मिळणारं लोह ते भरून काढू शकत नाही. शाळेत न गेलेल्या बायकाही हे व्यवस्थित करतात. आकडे जमत नसतील तर रेघा मारतात. बिडी वळणाऱ्या बाईला हजाराचा हिशेब रोजचाच असतो, तिला हे शिकवावंही लागत नाही.

सोलापुरात हे सगळं विचारायला एक भाषा पुरत नाही. पूर्व भागातली बाई तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडची कन्नडात, विजापूर वेशीकडची दखनीत. तेलुगूत गाठीला ‘गड्ड’ म्हणतात, कन्नडात ‘गड्डे’. आणि आपल्याकडे मराठीत गड्डा म्हटलं की सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीच्या आधी तारीख द्यायला घेतली की ‘गड्डा झाल्यावर गड्ड काढू’ असं म्हणणारी अक्का हमखास भेटते. तिचं चुकत नाही. जिचा रक्तस्राव आटोक्यात आहे तिची शस्त्रक्रिया महिनाभर थांबू शकते, आणि तो महिना रक्त भरायला, म्हणजे हिमोग्लोबिन वाढवायला, उपयोगी पडतो.

दुसरा गोंधळ ‘आठवड्यां’चा. डॉक्टर पोट तपासून केसपेपरवर ‘गर्भाशय १६ आठवडे’ लिहितात. म्हणजे गाठींमुळे गर्भाशय तेवढं मोठं झालंय, जेवढं ते १६ आठवड्यांच्या गरोदरपणात असतं. १२ आठवड्यांना ते ओटीपोटाच्या हाडावर हाताला लागायला लागतं, २० आठवड्यांना बेंबीपर्यंत येतं. पण सोबत आलेल्या दिराने तो कागद वाचला, आणि बाई विधवा किंवा बिनलग्नाची असली, तर बाहेरच्या बाकावर काय होतं ते सांगायला नको. हा शब्द लिहिला की तिथल्या तिथे तोंडाने समजावून सांगायचा, हे नव्या सिस्टरला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो.

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ. ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर पोसते, म्हणून पाळी चालू असलेल्या वयात वाढते आणि पाळी गेल्यावर बहुधा आकसते. पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली तर मात्र तिला साधी समजून सोडायचं नाही. कॅन्सर फार क्वचित निघतो. ज्या गाठीचा त्रास काहीच नाही, ती सोनोग्राफीत सापडली म्हणून काढायची नसते; सहा महिन्यांनी-वर्षाने पुन्हा पाहायची असते.

आता रेघ मारलेल्या आकड्याबद्दल. गाठ केवढी यापेक्षा ती कुठे बसलीय यावर जवळजवळ सगळं ठरतं. २०११ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने गाठींना ० ते ८ असे क्रमांक दिले. ० म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीत देठाने लोंबणारी. १ म्हणजे अर्ध्याहून जास्त पोकळीत. २ म्हणजे अर्धी किंवा त्याहून जास्त भिंतीत. ३ भिंतीतच असते पण अस्तराला टेकलेली, ४ निव्वळ भिंतीत, ५ आणि ६ बाहेरच्या अंगाला फुगलेल्या, ७ बाहेर देठावर, आणि ८ म्हणजे गर्भाशयमुखात किंवा भलत्याच ठिकाणी. क्रमांक शून्याची दोन सेंटिमीटरची गाठ बाईचं हिमोग्लोबिन पाचवर आणू शकते. क्रमांक सहाची आठ सेंटिमीटरची गाठ पोटात वर्षानुवर्षं निवांत राहते, फार तर वारंवार लघवीला जावं लागतं. तरी घरात भीती असते ती आठ सेंटिमीटरवालीची.

म्हणून सोनोग्राफी करून घेतानाच रिपोर्टमध्ये काय हवं ते चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं: गाठी किती, प्रत्येकीचं माप, फिगो क्रमांक, अस्तराची जाडी, बीजांडकोश दिसले का, आणि दोन्ही किडन्या. किडन्यांचं लोक विसरतात. मोठं गर्भाशय मूत्रनलिकेवर दाब देतं आणि किडनीला सूज येते, आणि हे मुकाट्याने होतं, दुखतही नाही. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी भरलेली हवी, योनिमार्गातून करायची तर रिकामी. लोक चार ग्लास पाणी पिऊन बसतात, नंबर दोन तासांनी लागतो, मधेच उठून जाऊन येतात आणि मग रिपोर्टवर ‘बीजांडकोश नीट दिसले नाहीत’ असं येतं. नंबर पुढे तीन माणसांवर आला की पाणी प्यायला सुरुवात करा, एवढं सांगितलं तरी फेरी वाचते. एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठी फार असतील आणि गर्भाशय राखून काढायच्या असतील, किंवा ही गाठ की ॲडेनोमायोसिस (अस्तर भिंतीत शिरण्याचा आजार) हा प्रश्न असेल, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतात. आणि वय ४५ च्या पुढे असेल किंवा पाळीच्या अधेमधे रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय पुढचं काही ठरवायचं नाही. गाठ दिसतेय म्हणून रक्तस्राव तिचाच, असं धरून चालणं ही नेहमीची चूक.

मग येतं रक्त. इथे आमचे सगळ्यात जास्त दिवस जातात.

हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ८ च्या खाली म्हणजे तीव्र. ओपीडीत ६, ७ घेऊन चालत येणाऱ्या बायका रोज असतात. वर्षभरात हळूहळू उतरलेलं असतं, शरीराने जुळवून घेतलेलं असतं, म्हणून ती एसटीतून उतरून जिना चढून येते आणि ‘जरा दम लागतो’ एवढंच सांगते. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी बहुतेक भूलतज्ज्ञ १० च्या पुढचा आकडा मागतात. मधलं अंतर कसं भरायचं याचे तीन रस्ते आहेत आणि तिन्हीचा वेग वेगळा.

लोहाची गोळी स्वस्त, पण मंद. महिन्याला हिमोग्लोबिन दीड-दोन ग्रॅम चढलं तर भाग्य, तेही रक्तस्राव थांबवला असेल तर. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड घेतली तरी चालते, त्याने मळमळही कमी होते. चहा आणि गोळी यांच्यात निदान एक तास हवा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं, ते ठीक आहे. हे आधी सांगितलं नाही तर बाई तिसऱ्या दिवशी गोळी बंद करते.

शिरेतून लोह हा मधला रस्ता. किती लागेल ते काढायचं गणित वॉर्डातल्या फळ्यावर लिहिलेलं असतं: वजन गुणिले (१५ वजा आत्ताचं हिमोग्लोबिन) गुणिले २.४, अधिक ५००. पन्नास किलोची बाई, हिमोग्लोबिन ७: पन्नास गुणिले ८ गुणिले २.४ म्हणजे ९६०, त्यात ५००, म्हणजे १४६० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजच्या ५ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. दोन अँप्यूल १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये, वीस-तीस मिनिटांत, एक दिवसाआड, आठवड्याला ६०० मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हणजे सात-आठ फेऱ्या, अडीच आठवडे. मंगळवेढ्याहून सात वेळा येणं शेतमजूर बाईला परवडत नाही, चौथ्या फेरीला गळती लागते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे शिरेतून द्यायचं दुसरं लोह महाग आहे, पण एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत पंधरा मिनिटांत जातं (वजन कमी असेल तर डोस कमी). एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा दिवस धरला तर कधीकधी महागाचंच स्वस्त पडतं. हा हिशेब बाईसमोर बसून करावा, तिला तो आपल्याहून चांगला येतो.

यात काय बिघडतं? सलाईन म्हणून चुकून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) घेतलं जातं. लोह फक्त नॉर्मल सलाईनमध्येच. सुई शिरेतून सरकली तर लोह कातडीखाली उतरतं आणि तपकिरी डाग पडतो, तो महिनोन् महिने जात नाही. म्हणून आधी साधं सलाईन थोडं सोडून शीर तपासायची आणि पहिली दहा मिनिटं बाटलीपासून हलायचं नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घाई: लोह दिल्यावर आकडा दुसऱ्या दिवशी चढत नाही. दोन-तीन आठवडे लागतात. शुक्रवारी लोह आणि सोमवारी शस्त्रक्रिया याला काही अर्थ नाही. पुरेसं लोह देऊनही आकडा हलत नसेल तर थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते पाहायचं.

तिसरा रस्ता रक्त चढवण्याचा. एका पिशवीने साधारण एक ग्रॅम वाढतं. हिमोग्लोबिन पाचच्या आसपास असेल, धाप लागत असेल, रक्तस्राव चालूच असेल, तर दुसरा इलाज नाही. इथे शब्दाचा घोळ असतो: आपल्याकडे गर्भाशयालाही पिशवी म्हणतात आणि रक्तालाही. ‘दोन पिशव्या लावायच्या आहेत आणि मग पिशवी काढायची’ हे वाक्य ऐकून नवरा गांगरतो, ते बरोबरच आहे. पिशवी फ्रीजमधून निघाल्यापासून तीस मिनिटांत सुरू आणि चार तासांत संपली पाहिजे. पहिली पंधरा मिनिटं थेंब हळू, आणि सिस्टर तिथेच उभी.

दरम्यान गळती थांबवायची. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, फक्त जास्त जाण्याचे चार-पाच दिवस. गाठ याने लहान होत नाही, रक्त कमी जातं एवढंच. आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर ही गोळी नको. ‘गेल्या वेळी बरं वाटलं’ म्हणून महिनाभर रोज घेणाऱ्या सापडतात, आणि मेडिकलवाले देतातही. तांबीसारखं बसवायचं ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन भिंतीतल्या गाठींना चांगलं लागू पडतं, पण पोकळीत गाठ असेल तर ते निसटून पडतं. ल्युप्रोलाइडचं ३.७५ मिलिग्रॅमचं महिन्याचं इंजेक्शन पाळी बंद करतं, गाठ आकसवतं आणि रक्त भरायला तीन महिने मिळवून देतं. मात्र पहिल्या इंजेक्शननंतर पंधरवड्यात एकदा रक्तस्राव उसळू शकतो. हे न सांगितल्यामुळे बाई ‘इंजेक्शनने वाढलं’ म्हणून दुसरीकडे जाते. पुढे अंगातून वाफा येतात, सोलापूरच्या मे महिन्यात त्या जास्तच जाणवतात. हाडं झिजतात म्हणून सहा महिन्यांच्या वर देत नाहीत, आणि थांबवलं की गाठ परत वाढते. म्हणजे हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या आधीची तयारी. युलिप्रिस्टल या गोळीचं मधे फार चाललं होतं, पण यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदींनंतर युरोपात तिचा वापर अगदी मर्यादित केला गेला. कुणी दिलीच तर यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत.

पिशवी काढायची का, हा प्रश्न यानंतर येतो, आधी नाही. आणि तो विचारताना इथे उसाची आठवण काढावीच लागते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. हंगामात बीडकडच्या तोडणी कामगारांच्या कोपी इथे उभ्या राहतात. २०१९ मध्ये बीडमधल्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहिलेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. तरी ‘पोरं झालीत ना, मग काढून टाका, कटकट नको’ हे वाक्य बाकावर ऐकू येतंच, आणि बऱ्याचदा ते बाईच म्हणते. तिला मुकादमाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, परवडत नाही. तिला ‘अडाणी’ म्हणून चालत नाही. गोळ्या, साधन, नुसती गाठ काढणं, रक्तवाहिनी बंद करणं यातलं प्रत्येक किती दिवसांचं, किती पैशांचं, परत त्रास होण्याची शक्यता किती, असं समोर मांडावं लागतं. रक्तवाहिनी बंद करण्याचं काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात: जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन वाळूसारखे कण सोडतात, गाठीचं रक्त तुटतं. पहिले चोवीस तास कळा जबर असतात, त्याची वेदनाशामकं आधीच लिहून ठेवावी लागतात. पुढे मूल हवं असलेल्या बाईला सहसा हा रस्ता सुचवत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागतं, रुग्णालयात बसणारा योजनेचा आरोग्यमित्र ऑनलाइन अर्ज भरतो, मंजुरी आल्यावरच तारीख पक्की. अडतं ते नावात: आधारवर सासरचं नाव, रेशन कार्डावर अजून माहेरचं, किंवा एकाच नावाची दोन स्पेलिंगं. कर्नाटकातून येणाऱ्या बाईकडे महाराष्ट्राचं रेशन कार्ड नसतं, तिला हे पहिल्याच दिवशी सांगावं. काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. खासगीत भरती होण्याआधी विचारावं, भरती झाल्यावर नाही.

भरती आदल्या दिवशी. ईसीजी, छातीचा एक्स-रे, साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, एचआयव्ही-कावीळ तपासण्या फाइलला लावलेल्या हव्यात आणि रक्तपेढीत दोन पिशव्या जुळवून ठेवलेल्या. घट्ट अन्न सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आमच्याकडे बायका आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत, कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, आणि उन्हाळ्यात सकाळी अकराला नंबर लागेपर्यंत शीर सापडत नाही. बांगड्या, जोडवी, नथ काढायची. मंगळसूत्र काढायला नको म्हणत असेल तर सासूच्या हातात द्यायला सांगायचं, मग चालतं. संमतीपत्र तिला कळेल त्या भाषेत वाचायचं. ‘फक्त गाठ’ म्हणून आत नेलेल्या बाईचं रक्त थांबेना तर पिशवी काढावी लागू शकते, ही ओळ तिने स्वतः ऐकलेली हवी. नवऱ्याने सही केली म्हणजे झालं असं नाही.

थिएटरमध्ये गर्भाशय राखून गाठ काढणं, मायोमेक्टॉमी, हे पिशवी काढण्याइतकंच, कधी त्याहूनही जास्त रक्ताचं काम आहे. म्हणून आधीच बांध घालतात. गर्भाशयाच्या खालच्या भागाभोवती रबरी कॅथेटर आवळून बांधतात आणि काही वेळाने सोडून पुन्हा बांधतात. व्हॅसोप्रेसिनची २० युनिटं १०० मिलिलिटर सलाईनमध्ये पातळ करून गाठीच्या वरच्या स्नायूत टोचतात. टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं, कारण ते चुकून शिरेत गेलं तर नाडी एकदम मंदावते आणि रक्तदाब चढतो. गाठ आणि तिचं कवच यांच्यातली फट सापडली की गाठ शेंगेतून दाणा निघावा तशी निघते; नाही सापडली की रक्त. नंतर खड्डा थराथरांनी शिवतात. आत रिकामी जागा राहिली तर तिथे रक्त साठतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप येतो.

पोकळीतल्या गाठी दुर्बिणीने योनिमार्गातूनच काढतात, पोटावर टाका नाही. ऐकायला सोपं, पण इथला धोका पाण्याचा आहे. गर्भाशय फुगवायला द्रव सोडतात आणि त्यातला काही उघड्या रक्तवाहिन्यांतून अंगात शिरतो. जुन्या पद्धतीच्या यंत्राला ग्लायसिन लागतं. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यांतला फरक १००० मिलिलिटरवर गेला की थांबायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि बाई शुद्धीवर यायला वेळ लावते किंवा झटके येतात. बायपोलर यंत्राला नॉर्मल सलाईन चालतं, तिथे मर्यादा २५०० मिलिलिटर. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर दोन्हीकडे बरीच कमी. हा हिशेब ठेवायला एक सिस्टर वेगळी लागते, तिला दुसरं काही सांगायचं नाही. ती द्रवाची पिशवी लावल्याची वेळ लिहिते, दर दहा मिनिटांनी बादलीतलं माप घेते आणि फरक मोठ्याने म्हणते: “चारशे… सहाशे पन्नास.” चूक कुठे होते, तर जमिनीवर. मेणकापडाची घडी सुटून पाणी फरशीवर सांडतं, ते अंगात शिरलं असं धरलं जातं आणि काम अर्धवट थांबवावं लागतं. किंवा उलट, सांडलं असेल म्हणत खरी तूट सोडून दिली जाते. दुसरी चूक जीव घेऊ शकते. म्हणून सुरुवातीला फरशी कोरडी करून घ्यायची आणि सांडलेलं दिसलं तर मोजल्याशिवाय अंदाज बांधायचा नाही.

पिशवी काढायचीच ठरली तर ती योनिमार्गाने, दुर्बिणीने किंवा पोटावर छेद घेऊन. गर्भाशय मोठं, आधीच्या सिझेरियनची चिकटलेली मूत्राशयाची घडी, असं असेल तर पोट उघडणं कमीपणाचं नाही. जपायची ती मूत्रनलिका: गर्भाशयाच्या धमनीच्या खालून, मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते. पाळी चालू असलेल्या वयात बीजांडकोश निरोगी असतील तर ठेवतात. ‘सगळंच काढून टाका’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे आधी समजावून ठेवावं. दुर्बिणीने केलं तर मोठी गाठ आत तुकडे करून काढावी लागते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला तो याच कारणाने: लपलेला कॅन्सर असेल तर तुकडे पोटभर पसरतात. आता हे तुकडे पोटात सोडलेल्या बंद पिशवीत करतात.

काढलेली गाठ कापली की आत पांढरीशुभ्र असते, सुताचे पीळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळल्यासारखी, आणि कापल्या जागी कडा वर उसळून येते. मागावर वाढलेल्या नातेवाइकाला ते पाहून ‘सुताची गुंडीच की’ असं सुचतं. गाठ मऊ, पिवळट, मधे सडल्यासारखी दिसली तर पॅथॉलॉजीच्या चिठ्ठीवर तसं वेगळं लिहायचं. नमुन्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिन हवं. नारळाएवढी गाठ लहान बरणीत कोंबली, किंवा न कापता तशीच बुडवली, तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही, मधला भाग खराब होतो आणि रिपोर्ट ‘तपासण्याजोगं नाही’ असा येतो.

पहिली रात्र नाडी आणि लघवी बघण्याची. लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर. नाडी वाढत चाललीय, पोट ताणलंय, पोटात ठेवलेला ड्रेन (रक्त बाहेर काढणारी नळी) मात्र कोरडा, असं असेल तर ड्रेनवर विश्वास ठेवायचा नाही. नळी गुठळीने बंद झालेली असते. लघवीचं कॅथेटर बहुतेक वेळा चोवीस तासांत काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईला उभं करतो. ‘टाके सुटतील’ म्हणून घरचे झोपवून ठेवतात. खरं तर पडून राहिल्याने पायात गुठळी होते आणि पोटातला वायू सुटत नाही. दुर्बिणीनंतर खांदा दुखतो, तो उरलेल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत जातो. पोटावर छेद असेल तर घरी तीन ते पाच दिवसांनी, दुर्बिणीने असेल तर एक-दोन दिवसांत.

घरी जाताना सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पाण्याबद्दलचं. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे त्या दिवशी बाई वॉर्डातून आल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. भरलेली घागर पंधरा किलोच्या आसपास भरते. सहा आठवडे तीन-चार किलोच्या वर उचलायचं नाही. आम्ही हे नवऱ्याला, सासूला बोलावून सांगतो आणि पाण्याचा वार कोणता ते त्यांच्याकडूनच म्हणवून घेतो. कडक भाकरी काही दिवस नको, मऊ ताजी भाकरी ताकात कुस्करून चालते, शेंगाचटणी चालते. जोर करून शौचाला बसायला लागू नये एवढंच बघायचं. पिशवी काढली असेल तर संबंध सहा ते आठ आठवडे नाहीत. गाठच काढली असेल तर गर्भ राहायला निदान तीन ते सहा महिने थांबायचं, आणि गाठ काढताना गर्भाशयाची पोकळी उघडली होती का हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायचं, कारण पुढचं बाळंतपण सिझेरियनने करायचं का ते त्यावर ठरतं. कार्डावर ती ओळ नसली तर मागून घ्या.

परत यायचं कधी: १०० च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, पॅड भिजेल एवढं रक्त, एका पिंडरीला सूज. आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी सतत पाण्यासारखं गळत असेल, लघवीचा वास येत असेल, तर ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून घरी बसायचं नाही. मूत्रमार्गाला इजा झालेली असू शकते, आणि ती लवकर कळलेली बरी.

टाके आठ-दहा दिवसांनी. त्याच फेरीत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घ्यायचा असतो आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. टाके निघाले, दुखणं थांबलं, कागद खिडकीतच पडून. जी घेते तिला त्यावर ‘लायोमायोमा’ असा शब्द दिसतो. शेवटचं ‘ओमा’ पाहून घरात पुन्हा एकदा मोबाइलवर शोधाशोध आणि रडारड होते. म्हणून तो कागद हातात देण्याआधी आम्हीच पेन काढतो, त्या शब्दाला गोल करतो आणि शेजारी मराठीत लिहितो: साधी गाठ, कॅन्सर नाही.